रिकाम्या पिनांवरची वीतभर तार

माझं पहिलं मोठं डिझाइन चुकलं आणि शिक्षा झाली ती तारा गुंडाळणाऱ्या बाईंना. असं एका वाक्यात लिहिलं की फार सोपं वाटतं. तेव्हा ते सोपं नव्हतं असं म्हणायची मला सवय आहे, पण तीही एक लबाडीच. तेव्हाही ते सोपंच होतं. मी एक शब्द बोललो आणि झालं.

एकोणीसशे सत्तर साल उलटून तीनचार वर्षं झाली होती. पुण्याला डिप्लोमा करून मी तळेगावात एका लहानशा कारखान्यात लागलो. कारखाना कसला, पत्र्याची एक लांब शेड. पुढे मालकांची केबिन, मागे चिंचेचं झाड आणि त्याच्या खाली जेवायची फरशी. मोठ्या कारखान्यांतली यंत्रं चालू-बंद करणारी कंट्रोल पॅनेलं आम्ही बनवायचो. ती सगळी रिलेची, म्हणजे विजेनं आपोआप उघडझाप करणाऱ्या खटक्यांची असत. खटखट वाजायची, तापायची, पण कुठं घोडं पेंड खातंय ते कानानं कळायचं. मग मालकांच्या कानावर आलं की मुंबईत आता रिलेऐवजी आय.सी. वापरतात. नखाएवढा काळा तुकडा, त्याला चौदा पाय, आणि तो दहा रिलेचं काम न वाजता करतो. कारखान्यात आय.सी. हातात घेतलेला मी एकटाच होतो, तेही कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोनदा. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी डिझाइनर झालो.

पहिली ऑर्डर मिळाली ती लोणावळ्याच्या बाहेर असलेल्या एका रंगाच्या कारखान्याची. ऑइलपेंट करताना पांढऱ्या रंगात बाकीचे रंग ठरावीक मापानं सोडायचे असत. प्रत्येक रंगाला एक छोटा पंप. पंपाचे झटके मोजायचे, ठरलेला आकडा आला की पंप बंद करायचा, पुढचा चालू करायचा. माणूस हे मोजताना तंबाखू मळायला लागला की पिंप वाया जायचं. आमच्या यंत्रानं तंबाखू न मळता मोजायचं, एवढंच काम होतं.

त्यासाठी मी एक रॅक बनवला. फळीवर पुस्तकं उभी लावावीत तशी त्यात चौदा कार्डं उभी बसायची. कार्डावर आय.सी. आणि मागच्या बाजूला पाठ. पाठ म्हणजे एक मोठी पाटी, तिच्यावर चौदा सॉकेटं आणि प्रत्येक सॉकेटाला चव्वेचाळीस पिना, सुईसारख्या बाहेर आलेल्या. एका कार्डाला दुसऱ्या कार्डाशी जे काही बोलायचं ते या पिनांमधून आणि त्यांना जोडणाऱ्या तारांमधून. सगळ्या मिळून सहाशे सोळा पिना होत्या. हा आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या पिनांवर तारा डाग देऊन जोडत नसत, गुंडाळत असत. पेनासारखं एक हत्यार असतं, त्यात केसासारखी बारीक तार घालायची, पिनेवर ठेवायचं आणि फिरवायचं. सात वेढे बसले की तार पिनेच्या कोपऱ्यांना इतकी घट्ट चावते की ओढून निघत नाही. हे काम आमच्याकडे पाच बायका करायच्या आणि त्यांत सगळ्यांत वरचढ होत्या त्या मावशी.

त्यांना कारखान्यात सगळेच मावशी म्हणत, मालकसुद्धा. वय चाळिशीच्या आसपास. बेडश्याच्या वरच्या अंगाला डोंगरात सात-आठ घरांची वाडी होती, तिथल्या. पहाटे वाडी उतरायच्या, रस्त्यावर येऊन एस.टी. धरायच्या, कामशेतला गाडी, आणि साडेआठला शेडमध्ये हजर. घरी सासरे आणि एक मुलगी. नवरा मुंबईला गेला तो गेलाच. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मुंबई लय मोटी हाये, सापडत नसंल वाट." आणि हसायच्या.

लहानपणापासून त्यांनी बांबूच्या बारीक कामट्यांची इरली विणलेली. त्यामुळे बोटांना डोळे होते म्हणायला हरकत नाही. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, पण वायरिंगची यादी सगळी इंग्रजी अक्षरांत. मावशींनी त्यांना आपली नावं दिली होती. ए म्हणजे खोप, सी म्हणजे विळा, ई म्हणजे फणी, एफ म्हणजे मोडकी फणी, एच म्हणजे शिडी. एक मुलगी यादी वाचायची, "विळा बारा ते शिडी सात," आणि मावशींचा हात तिथं पोचलेला असायचा. पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नाही. आठवड्याभरात मीही ड्रॉइंगवर बोट ठेवून "मावशी, मोडकी फणी वीस बघा," म्हणू लागलो. पुढे बडोद्याहून आलेल्या एका शिकलेल्या वायरमनच्या कामात अकरा चुका निघाल्या. मावशींच्या हातची चूक मी कधीच पाहिली नाही. हे वाक्य त्या वेळी लिहून कुणाला दिलं असतं तर बरं झालं असतं.

मावशी पाच वर्षं तिथं होत्या आणि पाच वर्षं टेम्पररी. दर आठ महिन्यांनी मालक त्यांना दोन-तीन महिने ब्रेक द्यायचे आणि मग पुन्हा पहिल्या दिवसापासून कामावर घ्यायचे. कायद्यातून निसटायची ती सगळीकडचीच युक्ती. ब्रेकमध्ये मावशी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. परत यायच्या तेव्हा बोटं अशी झालेली असत की हत्यारात तार गेली की नाही तेही त्यांना कळत नसे. महिनाभर रोज खोबरेल लावून, रात्री चिंध्या बांधून त्या बोटं परत आणायच्या. एकदा जेवताना मला म्हणाल्या, "साहेब, आता ही बोटं परत यायची न्हाईत. दोन बारीला आली, तिसऱ्या बारीला आली. दर बारीला थोडी मागं ऱ्हात्यात." मालकांनी त्यांना शब्द दिला होता की लोणावळ्याचा रॅक पास झाला की कायम करतो, बायकांवर हेड म्हणून. कायम म्हणजे ब्रेक नाही, म्हणजे खडी नाही. मावशींना बाकी काही नको होतं. आम्हां सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळे रॅककडे त्याच नजरेनं बघत होते.

आता माझ्या चुकीकडे येतो. सहाशे सोळांपैकी दीडएकशे पिना रिकाम्या होत्या. आय.सी.ला जेवढे पाय असतात तेवढे सगळे आपल्याला लागतात असं नाही. काही पाय मोजणी पुसून शून्यावर आणायला असतात, ते माझ्या कामात लागत नव्हते. पण फुकट कशाला घालवा, म्हणून तेही मी कार्डातून बाहेर काढून पाठीवर आणून ठेवले होते. उद्या गिऱ्हाइकानं आणखी काही मागितलं तर लागतील. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. एकदा पिनेवर तार गुंडाळली की ती उलगडून पुन्हा वापरता येत नाही, आणि तार मिळायची मारामार. म्हणून मी ड्रॉइंगवर टीप लिहिली, की रिकाम्या पिनांवरही वीतभर तार गुंडाळून तिचं दुसरं टोक मोकळं राखून ठेवावं. पुढं लागेल तेव्हा नुसतं जोडायचं. मालक ही टीप वाचून इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवली. आमच्या घरात बिस्किटाच्या पुड्याची सुतळीसुद्धा गुंडी करून फडताळात जाई. चपलेचा तुटका अंगठा जपून ठेवणाऱ्या आईचा मी मुलगा. पुढं लागेल हे मला आईच्या दुधातून मिळालेलं शहाणपण होतं, आणि आय.सी.ला ते चालत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

खोटं बोललो. सांगितलं होतं. पुण्यात एका मित्राकडे आय.सी.ची जाडजूड माहितीची पुस्तिका होती, तीत मी वाचलं होतं की न वापरलेले पाय मोकळे सोडू नयेत. मोकळा पाय म्हणजे काहीच नाही असं नसतं. आय.सी.ला एक तर हो लागतं, नाही तर नाही. मोकळ्या पायाला ती सहसा हो समजते, पण ते कडी न लावलेलं दार असतं. लोटलेलं असतं म्हणून बंद दिसतं. जवळून कुठली मोठी मोटार सुरू झाली, शेजारच्या तारेतून वेगानं सिग्नल गेला, की त्या धक्क्यानं हो-चं नाही होतं. क्षणभरच, पण मोजणी पुसायला क्षण पुरतो. आणि त्या पायाला वीतभर तार लटकत ठेवली की ती असे धक्के गोळाच करते. उपाय दोन पैशांचा. प्रत्येक मोकळा पाय छोट्या रेझिस्टरमधून वीजपुरवठ्याला बांधून टाकायचा, की तो कायमचा हो. पण मी टेबलावर चालवून बघितलं, टेबलावर सगळं चालत होतं. चालतंय ना, मग पुस्तिका लिहिणाऱ्यांना काय, ते लिहितात. असा मी विचार केला. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

मावशींनी पाठ गुंडाळली ती पाहायला मालकांनी वडगावचे एक ओळखीचे वकील आणले होते, इतकी ती देखणी झाली होती. निळ्या तारा, प्रत्येक वळण सारखं, आणि रिकाम्या पिनांच्या दीडशे तारा सारख्या वीतभर कापून, दहा-दहांच्या जुड्या करून मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या. तळेगावात रॅक दोन दिवस न चुकता चालला. मालकांनी पेढे वाटले. मावशींनी त्यांचा पेढा पदरात बांधला, मुलीसाठी.

श्रावणात रॅक लोणावळ्याला गेला. मी, मालक आणि मावशी. मावशी यासाठी, की एखादी तार बदलावी लागली तर हात हवा. त्या कारखान्यात खिडक्यांतून धुकं आत येऊन बसलेलं, भिंती ओल्या, आणि त्यात टर्पेंटाइनचा वास. रंग घोटायची प्रचंड मोटार शेजारीच होती. पहिलं पिंप आकाशी रंगाचं करायचं होतं. मोटार सुरू झाली, पंप सुरू झाले, आमच्या दिव्यांची ओळ मोजू लागली, आणि मध्येच दिवे विझून पुन्हा एकपासून मोजायला लागले. निळ्याचे झटके ठरले होते त्याच्या दुप्पट गेले. पिंपात आकाशीऐवजी शाळेच्या शाईचा रंग तयार झाला. दुसरं पिंप तसंच. तिसरं त्याहून गडद. तिथले कामगार खुशीत आले. एकजण म्हणाला, "आमी मोजत व्हतो तवा निदान आकाश तरी दिसत व्हतं." सगळे हसले, मावशीही हसल्या, आणि मग त्यांनी मालकांचा चेहरा पाहिला.

त्या कारखान्याचे इंजिनिअर साठीचे, शिस्तीचे गृहस्थ होते. हातात कायम एक जाड नोंदवही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "शांतपणे शोधा. काय असेल ते मला नीट सांगा, म्हणजे मी लिहितो."

मावशींनी मागचं झाकण काढलं आणि एकेक गुंडाळी बोटांनी चाचपायला लागल्या. मी पुढून दिवे बघत होतो. अर्ध्या तासानं त्यांची हाक आली. "साहेब, हितं या. ह्ये बघा." मी मागे गेलो, इंजिनिअरसाहेब आणि मालकही आले. मावशींनी रिकाम्या पिनांची एक जुडी मुठीत धरली. पुढे दिवे विझले. त्यांनी मूठ सोडली. दिवे मोजू लागले. पुन्हा धरली, पुन्हा विझले. एखाद्या लहान मुलाला खेळ सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"ह्या मोकळ्या तारांत कायतरी हाये, साहेब," त्या म्हणाल्या. "सगळ्या घट हायेत, म्या बघितल्यात. पर ह्या नुसत्या धरल्या तरी गडबड व्हती. ह्या कशापायी ठिवल्यात? कापू का?"

त्या क्षणी मला ती पुस्तिका आठवली. पान आठवलं, पानावरचा चहाचा डाग आठवला. चूक पुढ्यात उभी होती आणि ती दाखवणारी बाई कात्री मागत होती. आणि माझ्या मनात काय आलं, तर मोकळी टोकं बांधायची, म्हणजे डिझाइन चुकलं असं या माणसाच्या वहीत जाणार.

इंजिनिअरसाहेबांनी मला विचारलं, "म्हणजे डिझाइनमध्ये आहे की वायरिंगमध्ये?"

मी म्हणालो, "वायरिंगमध्ये. हात लागला की दिवे जातात, म्हणजे गुंडाळी सैल असणार."

ते वाक्य ऐकायला इतकं शहाणं वाटत होतं की मालकांनी मान डोलावली. इंजिनिअरसाहेबांनी वहीत लिहिलं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. वड्याचं तेल वांग्यावर काढणं आपल्याकडे नवीन नाही, पण ते वांगं समोर उभं राहून आपल्याकडे बघतंय, हा अनुभव ज्यानं घेतला असेल त्यालाच कळेल. त्या एवढंच म्हणाल्या, "सैल न्हाई, साहेब." आणि कुणी ऐकलं नाही, कारण ऐकण्यासारखा माणूस मी होतो.

तीन दिवस मावशींनी तिथंच सगळी पाठ पुन्हा गुंडाळली. सहाशे सोळा पिना. जुने वेढे उलगडायचे, नवी तार, नवे सात वेढे. ओल्या हवेत बोटं गारठायची, मग त्या ती काखेत धरून बसायच्या. रोज संध्याकाळी परत जायच्या आणि पहाटे पुन्हा यायच्या. रिकाम्या पिनांपाशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्या बी?" मी ड्रॉइंगकडे बघितलं आणि म्हणालो, "ड्रॉइंगप्रमाणे." त्यांनी पुन्हा दीडशे तारा वीतभर मोजून लावल्या. नको म्हणायला मला चार अक्षरंही लागली नसती. पण नको म्हटलं की का नको हे सांगावं लागतं.

तिसऱ्या दिवशी चौथं पिंप वाया गेलं. इंजिनिअरसाहेबांनी मालकांना पत्र दिलं. वायरिंगचं काम निकृष्ट आहे, दुसरा कुशल कामगार पाठवावा, असं त्यात होतं. पत्र टाइप केलेलं, खाली सही-शिक्का. मालकांनी ते तळेगावला आल्यावर फायलीला लावलं आणि मावशींना ब्रेक दिला. आठ महिने व्हायला अजून दोन महिने होते. या वेळी परत कधी यायचं ते सांगितलं नाही. मावशींनी हत्यार पुसून कागदात गुंडाळलं, मुलींना दाखवलं कुठं ठेवते ते, आणि डबा घेऊन गेल्या. मी त्या वेळी माझ्या टेबलाशी मान खाली घालून काहीतरी काढत होतो. काय काढत होतो ते आठवत नाही. काही काढत नसेनच.

दोन आठवड्यांनी दुसरी मुलगी घेऊन मी लोणावळ्याला गेलो. तिनं पुन्हा सगळं गुंडाळलं, पुन्हा तेच. शेवटच्या दिवशी दुपारी ती जेवायला गेली तेव्हा मी मागे जाऊन जुडी मुठीत धरली. दिवे गेले. सोडली, आले. मला काही शोधायचं नव्हतं, ठाऊकच होतं. कात्रीनं सगळ्या मोकळ्या तारा पिनेपाशी कापल्या, पिशवीतून आणलेले रेझिस्टर काढले आणि मोजणी पुसणारे सगळे मोकळे पाय वीजपुरवठ्याला बांधून टाकले. रेझिस्टर मी तळेगावहून निघतानाच बरोबर घेतले होते. संध्याकाळी पिंपात आकाशी रंग आला. असा आकाशी, की ते साठीचे गृहस्थ त्यात काडी बुडवून हसले. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "बघा, चांगला कामगार मिळाला की कसं होतं."

मी कात्री पिशवीत टाकली.

मालकांना मात्र मी सांगितलं. एवढी तरी लाज शिल्लक होती. केबिनचं दार लावून सगळं सांगितलं, पुस्तिकेसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यंत्र चालू झालं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. आता गिऱ्हाइकाला जाऊन सांगू, की आमच्या डिझाइनरला काही येत नाही? पुढच्या दोन ऑर्डरी त्याच्याच ओळखीनं येताहेत." मी म्हणालो, पण मावशी. ते म्हणाले, "माझ्या फायलीत गिऱ्हाइकाचं पत्र आहे. ते असताना मी तिला कायम कशी करू? मला काय हौस आहे? तिच्याएवढा हात मला तरी कुठं मिळणार?" ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला बरं पडलं असतं. दिवाळीत त्यांनी मला डिझाइनचा प्रमुख केलं.

कार्तिकात एका रविवारी मी बेडश्याला गेलो. वाडीची वाट विचारत डोंगर चढलो. भाताची झोडणी चालू होती. मावशी खळ्यावर पेंढ्या झोडत होत्या. मला बघून थांबल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि जणू मी रोजच येतो अशा आवाजात म्हणाल्या, "या साहेब. बसा. वाट सापडली व्हय?" मुलीला चहा टाकायला सांगितलं. सासरे बाजेवर बसले होते, त्यांनी विचारलं, "कोन गं?" मावशी म्हणाल्या, "कारखान्यातलं साहेब हायेत, आबा." म्हातारा हात जोडायला उठू लागला. मी त्यांना बसवलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मावशींची बोटं मी पाहिली. न पाहून कसं चाललं असतं, त्यांनी कप माझ्या हातात दिला. खडीवर गेल्या होत्या त्या. नखांच्या कडा फुटलेल्या, पेरं सुजलेली, अंगठ्याला चिंधी. मी सांगायला सुरुवात केली. पाठ करून आलो होतो. चूक माझी होती, डिझाइनची होती, गुंडाळी एकही सैल नव्हती, त्या मोकळ्या तारांनीच सगळं केलं, तुम्ही दाखवलंत तेच खरं होतं. मी थांबलो. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा रागावतील. दोन्हींची मी तयारी केली होती.

"मला ठावं हाये," मावशी म्हणाल्या. "म्या तवाच म्हनलं व्हतं ना, कापू का म्हून."

मी म्हणालो, हो.

"मालकास्नी सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हनलं?"

मी पत्राचं सांगितलं. ते फायलीत असेपर्यंत काही करता येत नाही, असं मालक म्हणतात. मावशींनी थोडा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. विळा बारा शोधताना असायचा तसा तो चेहरा मी ओळखत होतो.

"मंग त्या लोनावळ्याच्या साहेबाला सांगा की," त्या म्हणाल्या. "त्यो मानूस चांगला हाये. रागं भरला न्हाई येकदा बी. तुमी तितं जाऊन सांगितलं, तर त्यो दुसरं पत्र लिवून दील. दुसरं पत्र आलं म्हंजी मालकाला माज्या कामाला नाव न्हाई ठिवता यायचं. मला सांगून काय उपेग? मला तर ठावंच हाये. जितं बोललात तितं सांगा."

इतकं साधं होतं. मी डिप्लोमा झालेला माणूस, तीन महिने जळत होतो, आणि मला हे सुचलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. सुचलं होतं. म्हणूनच मी डोंगर चढून इकडे आलो होतो आणि तिकडे गेलो नव्हतो.

मी म्हणालो, "सांगतो."

"आजच जावा," मावशी म्हणाल्या. "आयतवारी बी कारखान्यातच असतो त्यो. खोलीच हाये त्याची तितं." मग हात पुढे करून स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "आजून येतील. खोबरेल लावीन. दोन म्हैनं लागतील, पर येतील." मुलगी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मावशींनी तिच्याकडे नव्या तांदळाची पुरचुंडी दिली होती, लोणावळ्याच्या साहेबासाठी.

कामशेतला स्टेशनवर मी बाकावर बसलो, पुरचुंडी मांडीवर. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो." एवढं वाक्य होतं. मग त्यांचा तो हसरा चेहरा आठवला, पाठीवरची थाप आठवली, पुढच्या दोन ऑर्डरी आठवल्या, आणि प्रमुख म्हणून दारावर लागलेली माझी पाटी. लोणावळ्याकडे जाणारी गाडी आधी आली. बरीच मोकळी होती. दारातल्या एका माणसानं मला यायला जागा करून दिली, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग दांडा धरून तो पुन्हा दारात उभा राहिला. गाडी गेली. अर्ध्या तासानं पुण्याकडची आली, तिच्यात मी बसलो.

तांदूळ आईनं शिजवला. फार वास होता त्याला. मी जेवलो.